बेने इस्राएलांची प्रौढ शाळा

प्रौढशिक्षण हा शब्द उच्चारला की रात्रीचा वर्ग, कंदिलाचा उजेड आणि पाटीवर पहिल्यांदाच स्वतःचे नाव गिरवणारा शेतकरी किंवा गिरणीकामगार असे चित्र आपल्यापुढे उभे राहते. ते चित्र खरे आहे आणि आदरणीयही आहे. परंतु प्रौढशिक्षणाचा दुसरा एक प्रकार आहे व तो याहून पुष्कळ जुना आहे. त्यात शिकावयास बसलेला माणूस निरक्षर असेलच असे नाही. तो चार पैसे मिळवणारा, संसारात मुरलेला, चारचौघांत मान असलेला गृहस्थ असतो. आपल्या पूर्वजांनी काय मानले, कोणत्या भाषेत मानले आणि त्यातले आपल्यापाशी किती शिल्लक उरले, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, हे शिक्षण शतकानुशतके चालत आले आहे. त्याचे एक विलक्षण उदाहरण आपल्या कोकणपट्टीत आणि आपल्या मराठी भाषेत घडले. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

यहुदी परंपरेत प्रार्थना आणि अध्ययन ही एकाच छपराखाली नांदतात. सिनेगॉगमध्ये तोराची, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी असते. तिचे चोपन्न भाग पाडलेले असून दर शनिवारी क्रमाने वाचन होते व वर्षभरात ग्रंथ पुरा होतो. पुरा झाला की त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ करावयाचा, असा प्रघात आहे. म्हणजे या शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडण्याची सोयच नाही. जुन्या काळी हिब्रू भाषा सामान्यांच्या बोलण्यातून मागे पडली, तेव्हा वाचकाच्या शेजारी एक भाषांतरकार उभा राहू लागला. वाचकाने हिब्रू ओळ वाचावी आणि याने ती लोकांच्या अरामी बोलीत सांगावी. पुढे बाबिलोनियातील विद्यापीठांनी वर्षातले दोन महिने प्रौढांसाठी राखून ठेवले होते. त्या महिन्यांत दूरदूरचे लोक कामधंदा बाजूस ठेवून अध्ययनाला जमत. यहुदी पंडितांत अग्रगण्य मानलेला रब्बी अकिवा हा वयाच्या चाळीसाव्या वर्षी मुळाक्षरे शिकू लागला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. या समाजात उशिरा शिकणे हा कमीपणा मानला गेला नाही, एवढे त्या कथेवरून नक्की दिसते.

आता कोकणाकडे वळू. अलिबागच्या उत्तरेस नवगाव नावाचे गाव आहे. त्याच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल सांगत आले. हे गलबत केव्हा आणि कोठून आले याबद्दल एकमत नाही. अलीकडे, २०१६ साली, प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात मात्र या समाजाच्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश असल्याचे आढळले. कोकणात स्थिरावल्यावर या लोकांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावात राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर. पोशाख कोकणी, घरची भाषा मराठी.

त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नव्हता. हिब्रू येत नव्हती. सिनेगॉग नव्हते. तरी काही गोष्टी मात्र उरल्या होत्या. शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशी मुलग्याची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, काही सणउपवास आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचा उच्चार. देव एकच आहे असे सांगणारी ही प्रार्थना ते जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी म्हणत. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण सण राहिले आणि त्यांना घरगुती मराठी नावे पडली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. दारफाळणीच्या दिवशी घराचे दार लावून, कोणाला न शिवता, उपास करावयाचा. हाच यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा महादिवस, हे त्यांना पुष्कळ नंतर समजले. सन १७३८ मध्ये दक्षिणेतील एका युरोपियन मिशनऱ्याने आणि १७६८ मध्ये कोचीनचा यहुदी व्यापारी एझेकिएल रहाबी याने हॉलंडला पाठवलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख केला आहे. दोघांच्याही लेखनाचा आशय जवळपास एकच आहे: हे इस्राएली म्हणवतात, पण शेमाखेरीज फारसे काही जाणत नाहीत.

‘फारसे काही जाणत नाहीत’ हे शब्द बाहेरून आलेल्या जाणत्याचे आहेत. आतून पाहिले तर निराळे दिसते. ग्रंथ, गुरू आणि देऊळ यांतले काहीही हाताशी नसताना एखाद्या लहानशा जमातीने इतक्या पिढ्या आठवड्याचा एक दिवस मोजून पाळला, ही काही साधी स्मरणशक्ती नव्हे. परंतु नुसत्या स्मरणाची एक मर्यादा असते. विधी राहतो आणि त्याचे कारण हरवते. त्या कारणाची ओळख पटवून देणारा पहिला शिक्षक म्हणून बेने इस्राएल दावीद रहाबी याचे नाव घेतात. परंपरा अशी सांगते की, त्याने परीक्षा पाहण्यासाठी स्त्रियांपुढे मिश्र मासळी टाकली. त्यांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही असे सांगितले. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मविधी शिकवले आणि ते ‘काजी’ झाले. काही जण हा रहाबी हजार वर्षांपूर्वीचा मानतात, तर काहींच्या मते तो अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यापैकी होता. तो केव्हाचाही असो, या कथेतील परीक्षा प्रौढ स्त्रियांची आहे, आणि ती पुस्तकावर न होता माशांच्या पाटीवर झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे इंग्रजी अमलात कोकणातील ही कुटुंबे मुंबईस येऊ लागली. कोणी कंपनीच्या पलटणीत शिरले, कोणी सुतारकाम पत्करले, कोणी कारकून झाले. पलटणीतील सामुएल एझेकिएल दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते व तेथून सुटले. त्यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे हिब्रू नाव ‘शाअर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. लोक मात्र त्याला ‘मशीद’ म्हणत, आणि पुढे दुसरे बांधले गेल्यावर ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. प्रार्थनेच्या घरासाठी मराठी मुलखात जो शब्द परिचित होता तो त्यांनी सहज उचलला. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे येथेही एकोणिसाव्या शतकात सिनेगॉगे उभी राहिली. प्रत्येकाचा कारभार पाहावयास मुकादम, चौगुला अशी मराठी गावगाड्यातील पदे होती.

इमारत झाली, पण आत काय म्हणावयाचे आणि कसे म्हणावयाचे? मुकादमालाही ते ठाऊक नव्हते आणि त्याच्या नातवालाही नव्हते. म्हणून येथील शिक्षण इतर शाळांप्रमाणे बापाकडून मुलाकडे गेले नाही. आजोबा, बाप आणि नातू एकाच बाकावर शेजारी बसून शिकले. त्यांचे शिक्षक कोचीनहून आले. त्यांत श्लोमो सालेम शुर्राबी यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. १८५६ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रार्थनेचा क्रम, सुरावट, पंचांग, तोराचे वाचन हे सर्व या कोचीनकरांनी शिकवले. त्यामुळे प्रौढांची पहिली यत्ता सिनेगॉगमध्येच भरली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे शिक्षक आले ते वेगळ्या हेतूने. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी मुंबईत व कोकणात शाळा चालवीत होते. कोचीनच्या यहुदी घराण्यातील, पण ख्रिस्ती झालेले मायकेल सार्गन हे १८२६ मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढण्यास आले. डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांच्या उपयोगासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता व तो लपवलाही नव्हता. या लोकांना त्यांचे स्वतःचे जुने शास्त्र शिकवावे, म्हणजे ते पुढे नव्या कराराकडे वळतील, असा त्यांचा हिशेब होता. हिशेबाचा पहिला भाग पुरा झाला. जुना करार टप्प्याटप्प्याने मराठीत आला आणि जी गोष्ट शेकडो वर्षे या लोकांना मिळाली नव्हती ती मिळाली. आब्राहाम, योसेफ आणि मोशे त्यांच्याशी मराठीतून बोलू लागले. हिशेबाचा दुसरा भाग मात्र फसला. मूठभर माणसे सोडल्यास कोणीही धर्म बदलला नाही. ज्या पुस्तकाने त्यांना बाहेर न्यावयाचे होते त्याच पुस्तकाने ते घरात अधिक पक्के झाले. इतिहासात शिक्षकाचा हेतू आणि विद्यार्थ्याचा लाभ यांची फारकत अनेकदा होते; तिचे हे एक स्वच्छ उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षक समाजातूनच निपजू लागले. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४ ते १९०५) हे मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी यहुदी प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी वाचावयाचे ‘हग्गादा’ हे पुस्तक १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात शिळाछापावर निघाले. त्यात हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. मिसर देशातील गुलामगिरीची कथा ऐकणाऱ्या गृहिणीला ती आपल्याच स्वयंपाकघरात घडते आहे असे वाटावे, अशी ती योजना. बाबिलोनी काळात वाचकाच्या शेजारी उभा राहणारा भाषांतरकार येथे छापील पानावर येऊन बसला.

परंतु छापील पान वाचणाऱ्याच्याच कामाचे. तेल गाळणारा, सुतारकाम करणारा, दिवसभर राबून आलेला माणूस आणि अक्षर न शिकलेली त्याची बायको यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर बेने इस्राएलांना शेजारच्या देवळात सापडले. १८८० च्या सुमारास मुंबईत बेन्यामीन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यहुदी कीर्तनास आरंभ केला व त्यासाठी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. पद्धत सगळी आपल्या हरिदासांची: उभे राहून केलेले निरूपण, मध्ये पद, आर्या, साकी, दिंडी, आणि साथीला वाद्ये. आख्यान मात्र आब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. पूजामूर्तींना कडाडून विरोध करणाऱ्या धर्माची शिकवण नारदाच्या गादीवरून सांगितली गेली, आणि श्रोत्यांना त्यात विसंगती वाटली नाही. कीर्तन हेच मुळी महाराष्ट्रातील प्रौढांचे विद्यापीठ होते. शतकानुशतके निरक्षर माणसाने रामायण, भारत आणि संतचरित्रे तेथेच शिकली. बेने इस्राएल हे त्याच विद्यापीठाचे जुने श्रोते. त्यांनी फक्त अभ्यासक्रम बदलून घेतला. ही गीते समाजातील स्त्रियांनी तोंडपाठ ठेवली आणि त्यांतील काही आजही म्हटली जातात.

हाईम सामुएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली, तेव्हा मुलांच्या शिक्षणाची घडी बसली. याच किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो त्यांच्या पश्चात, १९३७ साली, तेल अवीव येथे छापला गेला. त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे काम केले. विसाव्या शतकातील आणखी एक प्रयत्न स्त्रीनेच केला. विलायतेत वैद्यक शिकून आलेल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्यू रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था स्थापन केली. स्त्रियांनी सज्जात बसून दुरून ऐकण्याऐवजी पुरुषांच्या बरोबरीने प्रार्थनेत भाग घ्यावा, आणि जे म्हणावयाचे ते समजून म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. सनातनी मंडळींना हे रुचले नाही. तरी वाद झाला तो समजुतीवर झाला. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना प्रार्थनेचा क्रमही ठाऊक नव्हता त्यांची नातवंडे तिच्या अर्थावर भांडू लागली, ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

याच सुमारास युरोपात, जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी, फ्रान्झ रोझेनत्स्वाइग या तत्त्वज्ञाने १९२० मध्ये यहुदी प्रौढांसाठी एक मुक्त विद्यागृह चालवले. तेथे येणारे डॉक्टर, वकील, व्यापारी आधुनिक विद्येत निष्णात होते. पण आपल्या आजोबांचा ग्रंथ त्यांना उघडता येत नव्हता. रोझेनत्स्वाइगचे म्हणणे असे की, या माणसाने आपण कोण आहोत ते तसेच घेऊन यावे, आपल्या रोजच्या जीवनातून ग्रंथाकडे जावे, आणि जे येत नाही त्याची लाज बाळगू नये. फ्रांकफुर्टचे यहुदी समृद्धीत विसरले होते, कोकणातले एकांतात विसरले होते. विसरण्याची कारणे भिन्न. परतीची वाट मात्र दोघांनाही प्रौढ वयात, बाकावर बसूनच चालावी लागली. फ्रांकफुर्टची ती शाळा नाझींच्या अमलात १९३८ मध्ये कायमची मिटली. आपल्या किनाऱ्यावरील शाळेला असा काळ कधी पाहावा लागला नाही, ही गोष्ट बेने इस्राएल कृतज्ञतेने सांगतात आणि आपणही समाधानाने ऐकावी.

या शिक्षणाची किंमतही थोडी नव्हती. बाहेरचा शिक्षक आला की तो विद्येबरोबर मोजपट्टीही आणतो. कोचीनच्या, बगदादच्या, पुढे युरोपच्या यहुद्यांनी या मराठी बांधवांना आपल्या मापाने मोजले आणि ते अनेकदा उणे भरले. मुंबईत स्थायिक झालेले बगदादी यहुदी त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. इस्राएल राष्ट्राची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. तेथील धर्मपीठाने १९६१ मध्ये त्यांच्या विवाहांबाबत शंका घेऊन वंशावळीच्या चौकशीचे नियम घातले. ज्यांनी ग्रंथाशिवाय धर्म जपला त्यांनाच धर्माचा पुरावा मागितला गेला. त्यांनी निदर्शने केली, उपोषणे केली; १९६४ मध्ये त्यांना सर्व बाबतींत समान हक्क असल्याचे तेथील शासनाने जाहीर केले आणि धर्मपीठानेही आपले नियम बदलले. या लढ्यातील उपोषणाचे साधन त्यांनी कोठून नेले असेल, हे भारतीय श्रोत्यांना सांगावयास नको.

स्थलांतरामुळे येथील संख्या घटली. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज भारतात आज काही हजारांवर आला आहे. कोकणातील कित्येक सिनेगॉगांत नित्याच्या प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुषही मिळत नाहीत. मुंबई व ठाणे येथील सिनेगॉगांत मात्र अजून दिवे लागतात. अहमदाबादेस १९३४ मध्ये आणि दिल्लीस १९५६ मध्ये उभी राहिलेली प्रार्थनामंदिरेही टिकून आहेत. कराचीतील बेने इस्राएलांचे सिनेगॉग १८९३ मध्ये बांधले होते; ते १९८८ मध्ये पाडले गेले. आणि दूर इस्राएलमध्ये या समाजाने ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक चालवले. तेथे आता उलटी शाळा भरते. नातवंडांना हिब्रू जन्मतःच येते. त्यांना आजीची गाणी समजावीत म्हणून मराठी शिकवावी लागते.

या हकीकतीतून एक गोष्ट आपण सर्वांनी घ्यावयासारखी आहे. कोणताही समाज आपल्या वारशातले बरेच काही विसरतो. युद्धे, स्थलांतरे, दारिद्र्य, सुबत्ता, सगळीच त्याला कारणे होतात. विसरल्याची जाणीव झाली म्हणजे दोन मोह पडतात. एक, राहिले तेवढेच पूर्ण आहे असे म्हणून स्वस्थ बसण्याचा. दुसरा, आपल्यापाशी काहीच नव्हते असे मानून दुसऱ्याचे सारे उसने घेण्याचा. बेने इस्राएल या दोन्हींतून बऱ्याच अंशी वाचले. त्यांनी कोचीनकरांकडून सूर घेतला, मिशनऱ्यांकडून पुस्तक घेतले, हरिदासांकडून कीर्तन घेतले, आणि दारफाळणीचा सण कोणता हे कळल्यावरही त्याचे जुने मराठी नाव टाकून दिले नाही. पांढऱ्या केसांच्या मुकादमाला नातवाशेजारी बसून मुळाक्षरे घोकताना संकोच वाटला असेल; तरी तो बसला. त्या बसण्यामुळेच आज अलिबागच्या सिनेगॉगमध्ये तोराची गुंडाळी आहे, आणि ती उलगडून वाचण्याची विद्या या समाजापाशी आहे.